यादीत नाव नाही, म्हणून मी नोकरी सोडली असे ठरवल्याबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
सेवा एकीकरण पडताळणी कक्ष (कन्याशाळा),
मध्य भारत, इंदूर.

अर्जदार : यशोधरा बाळकृष्ण कोरान्ने, गणित शिक्षिका, सुबोध कन्या शाळा, मल्हारगंज. राहणार छत्रीबाग, इंदूर.

विषय : नऊ विद्यार्थिनींच्या परीक्षा-फॉर्मवर कक्षाचा शिक्का आजच मिळण्याबाबत, आणि त्याआड आलेल्या तर्कदोषाबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे पाच अर्ज. त्यांपैकी दोहोंची पोच आहे, एकाचे उत्तर आहे, आणि ते उत्तर दुसऱ्याच गोष्टीचे आहे.

महोदय,

१. मी खाली सही करणार आहे, त्याअर्थी मी आहे, एवढे गृहीत धरून हा अर्ज वाचावा अशी विनंती आहे. गेली एकोणीस वर्षे मी वरील शाळेत गणित शिकवते. शाळा पूर्वी होळकर दरबारची होती, आता मध्य भारत सरकारची आहे. फळा तोच आहे आणि खडूही जवळजवळ तोच आहे. यापूर्वीचे पाच अर्ज मी हिंदीत लिहिले, कारण सरकारचा कारभार हिंदीत चालतो. त्यांनी काही गुण आला नाही. म्हणून हा सहावा मी माझ्या भाषेत लिहीत आहे. निदान लिहिताना तरी मला बरे वाटेल.

२. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायला वेळ नसला तरी चालेल. आमच्या शाळेच्या नऊ मुली यंदा गणित घेऊन मॅट्रिकला बसणार आहेत. मुलींना गणित ऐच्छिक आहे, म्हणून परीक्षा मंडळ त्यांच्या फॉर्मवर दोन गोष्टी मागते. विषय शिकवणाऱ्या शिक्षिकेची सही पाहिजे, आणि ती शिक्षिका नोकरीत असल्याबद्दल आपल्या कक्षाचा शिक्का पाहिजे. सह्या मी शनिवारी, वीस जानेवारीला केल्या. शिक्का मिळत नाही. फॉर्म एकतीस तारखेच्या बुधवारी मंडळात पोचले नाहीत तर नऊजणी बसणार नाहीत. या मुलींनी गृहशास्त्राचे प्रात्यक्षिक केलेले नाही, त्यामुळे आता विषयही बदलता येत नाही. गणित गेले म्हणजे त्यांची परीक्षाच गेली.

३. शिक्का न मिळण्याचे कारण, मी नोकरी सोडलेली आहे. हे मला आपल्या कक्षाकडून कळले. मी त्या वेळी नुकतीच सातवीचा तास घेऊन आले होते आणि माझ्या पदराला खडू लागलेला होता.

४. याची सुरुवात कशी झाली ते सांगताना माझी स्वतःची चूक सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ती मी लपवणार नाही. गेल्या एप्रिलात जुन्या संस्थानी नोकऱ्यांच्या एकीकरणासाठी सर्व शिक्षिकांकडे एक छापील पत्रक आले. त्यातील अकराव्या कलमाचा अर्थ असा होता : जर मी नोकरी सोडली असेल, तर माझे नाव यादीतून काढण्यास माझी हरकत नाही. खाली सहीची जागा होती. आमच्याकडे शिवण शिकवणाऱ्या गंगूबाई म्हणून आहेत. त्या मराठी सहावीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनी पत्रक हातात घेतले, त्यात नोकरी सोडण्याचा उल्लेख पाहिला, आणि ती जागा कोरी ठेवली. त्यांचे बघून बाकीच्यांनीही कोरी ठेवली. मला त्या म्हणाल्या, "बाई, ज्या कागदावर नोकरी सोडल्याचं लिहिलंय, त्याच्यावर सही करू नये. कशाला उगीच?"

मी त्यांना हसले. सगळ्या शिक्षिकांसमोर हसले. मी फळ्याजवळ जाऊन समजावले की जर-तरचे वाक्य हे जरच्या बाजूबद्दल काहीच कबूल करत नाही. जर मी इंग्लंडची राणी असेन तर मला मुकुट आहे, या वाक्यावर मी डोळे मिटून सही करीन, त्याने मी राणी होत नाही. मी नोकरी सोडलेली नाही, म्हणून ते कलम मला लागूच नाही, म्हणून सहीला धोका नाही. हे बोलणे शंभर टक्के बरोबर होते. आणि मी सही केली, ठसठशीत, तारखेसह. अशी चूक गणिताची बाईच करू शकते. ज्याला थोडे कमी कळते, तो असल्या कागदापासून चार हात दूर राहतो.

५. सप्टेंबरात अंतिम यादी लागली. तीत गंगूबाई होत्या, संगीताच्या बाई होत्या, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एक चित्रकलेच्या बाई होत्या. मी नव्हते. मी त्याच दिवशी आपल्या कक्षात आले. तिथले कारकून श्री. रघुवीर पोतनीस यांनी मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले, आणि यादीचा नियम दाखवला. नियम असा आहे : ज्याने नोकरी सोडली असेल, त्याचे नाव यादीत येणार नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. रघुवीरजींनी त्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "बाई, आपलं नाव लिस्टमध्ये नाही ना? म्हणजे आपण गेलात. सीधी बात आहे."

मी म्हटले, मी आपल्यासमोर बसले आहे. ते म्हणाले, ते दिसतंय, पण लिस्ट फायनल झाली.

महोदय, सोडली तर नाव नाही, असे नियम म्हणतो. नाव नाही तर सोडली, असे नियम कुठेही म्हणत नाही. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. माझ्या आठवीच्या मुलीसुद्धा पहिल्या आठवड्यानंतर यात घोटाळा करत नाहीत. नाव नसायला शंभर कारणे असू शकतात. टंकलेखकाची ओळ सुटली असेल, उंदराने पान खाल्ले असेल, नाहीतर कोणी चहा सांडला असेल.

माझ्या बाबतीत खरे कारण काय, ते मला पुढे नोव्हेंबरात कळले. रघुवीरजींनीच हळू आवाजात सांगितले. अकराव्या कलमावर ज्यांची सही होती, त्यांची पत्रके एका वेगळ्या गठ्ठ्यात बांधली, आणि गठ्ठ्यावर 'राजीनामे' असे लिहिले. त्या गठ्ठ्यात सबंध इंदूर शहरातून एकच पत्रक होते. मी विचारले, त्यात राजीनामा कुठे आहे? तर उत्तर मिळाले, राजीनामा नसता तर नाव यादीत आले असते. सही आहे म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून ती सही राजीनाम्याची. हा आपल्या कक्षाचा पुरावा. दोन माणसे एकमेकांना जामीन राहिली आणि दोघेही सुटले.

६. मी चिकाटीची बाई आहे. मी रघुवीरजींना शिकवायचे ठरवले. त्यांच्या टीपकागदावर चार ओळींचा तक्ता काढून दाखवला. जरची बाजू खरी किंवा खोटी, तरची बाजू खरी किंवा खोटी, मिळून चार शक्यता. त्यांपैकी फक्त एकीत वाक्य खोटे ठरते : जरची बाजू खरी असून तरची बाजू खोटी असेल तेव्हा. बाकी तिन्हींत ते खरे. रघुवीरजींनी तक्ता नीट पाहिला, बोटाने मोजला, आणि मनापासून म्हणाले, "चारात तीन खरे? मग बाई, बहुमत तर आपलंच आहे." ते वाईट गृहस्थ नाहीत. मला त्यांचा राग येत नाही, हेच मला त्रासाचे वाटते. राग आला असता तर किती बरे झाले असते.

मग मी माझ्या दुसऱ्या अर्जात एक घरगुती उदाहरण दिले, कुणालाही कळेल असे. खान नदीला पूर आला तर आमच्या छत्रीबागेतला रस्ता बंद होतो. परंतु रस्ता बंद आहे म्हणून पूर आला, असे म्हणता येत नाही. परवाच रस्ता बंद होता, कारण कोणाच्या लग्नाचा मांडव घातला होता. एवढेच लिहिले होते.

डिसेंबरात मला एका वेगळ्याच खात्याचे पत्र आले. आपण कळवलेल्या छत्रीबागेतील पुरात किती जनावरे वाहून गेली ते पंधरा दिवसांत कळवावे. त्या वेळी नदीत घोट्याएवढेही पाणी नव्हते आणि त्या पाण्यात म्हशी कंटाळून बसलेल्या होत्या. मी उत्तर पाठवले की एकही जनावर वाहून गेले नाही. त्यावर उत्तर आले की ज्याअर्थी जनावरे वाहून गेली नाहीत, त्याअर्थी पूर ओसरला असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. माझ्या पाच अर्जांना मिळालेले एकुलते एक उत्तर ते हेच. ते मी जपून ठेवले आहे आणि सोबत जोडले आहे.

७. यानंतरच्या प्रकाराचीही नोंद झाली पाहिजे. आपल्या परिपत्रकात असे आहे की यादीतून नाव सुटलेल्या शिक्षिकेने नोकरीत असल्याचा पुरावा म्हणून मुख्याध्यापिकेचा दाखला किंवा हजेरीपटाची नक्कल सादर करावी. आमच्या मुख्याध्यापिका शारदाबाईंनी त्याच दिवशी दाखला लिहून दिला. तो मी नेऊन दिला. आठ दिवसांनी निरोप आला, हजेरीपटाची नक्कल कुठे आहे? मी म्हटले, परिपत्रकात किंवा आहे, दोन्हींपैकी एक पुरते. निरोप आला की पुरावा पूर्ण हवा.

ठीक आहे. मी सुट्टीच्या दिवशी शाळेत बसून सप्टेंबरपासूनचा हजेरीपट स्वतःच्या हाताने उतरवला. रोजची माझी सही, रोजची वेळ. शारदाबाईंनी पानापानावर शिक्का मारला. दाखला आणि नक्कल, दोन्ही एकत्र दिली. बारा दिवसांनी दोन्ही परत आली. वर शेरा होता : परिपत्रकात एकच कागद मागितला असता अर्जदाराने दोन सादर केले आहेत, सबब नियमबाह्य.

मी शारदाबाईंच्या खोलीत तो शेरा तीन वेळा वाचला. एक दिला तेव्हा किंवाचा अर्थ दोन्ही असा केला. दोन्ही दिले तेव्हा किंवाचा अर्थ फक्त एकच असा केला. म्हणजे मी काहीही दिले तरी ते चुकीचेच ठरेल, अशी सोय झाली. दाखल्याच्या कोपऱ्यावर चुना लागलेल्या बोटाचा ठसा होता, आणि शारदाबाईंच्या सहीवर विड्याचा लाल शिंतोडा होता. महोदय, मला किळस आली. हा शब्द सरकारी अर्जात शोभत नाही हे मला ठाऊक आहे. मी दुसरा शब्द शोधून पाहिला. मिळाला नाही.

८. ऑक्टोबरात राजधानी रिवाजाप्रमाणे हिवाळ्यासाठी ग्वाल्हेरला गेली. माझी मिसल, म्हणजे माझ्या प्रकरणाची फाईल, ट्रंकेत बसून तिच्याबरोबर गेली. कक्ष मात्र इथेच राहिला. म्हणजे कागद तिथे आणि कारकून इथे. आपणही कधी तिथे, कधी इथे, बहुतेक दौऱ्यावर. मी आपल्याला आजवर पाहिलेले नाही. तरी आपले नाव कक्षाच्या दारावर आहे, म्हणून आपण आहात असे मी मानते.

या सर्व काळात माझ्या पगाराचे काय झाले हे मी या अर्जात आणत नाही. तो दुसऱ्या कक्षाचा विषय आहे आणि तिथे मला आणखी एक आयुष्य घालवायचे नाही.

९. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शारदाबाईंनी आपल्याला दोन पत्रे पाठवली. पहिल्यात विचारले, कोरान्नेबाईंची सही फॉर्मवर चालेल काय? उत्तर आले : श्रीमती कोरान्ने यांनी नोकरी सोडली असल्याने त्यांची सही ग्राह्य नाही. शारदाबाई व्यवहारी आहेत. त्यांनी दुसऱ्यात विचारले, मग ती जागा रिकामी समजून दुसरी शिक्षिका नेमू का? उत्तर आले : श्रीमती कोरान्ने यांचा राजीनामा दप्तरी आढळत नसल्याने त्या नोकरीत आहेत, सबब जागा रिकामी नाही.

दोन्ही उत्तरांवर एकच तारीख आहे आणि एकच सही आहे. सही आपली आहे.

मी एकोणीस वर्षांत मुलींना एक गोष्ट घासून घासून शिकवली. एखादे विधान आणि त्याचा नकार, ही दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. ज्या घरात ती दोन्ही खरी मानली जातात, तिथे मग काहीही सिद्ध करता येते. दोन अधिक दोन पाच होतात, हेही. आपल्या कक्षात मी आहे आणि मी नाही. मला आता तिथे काहीही ऐकू आले तरी आश्चर्य वाटणार नाही.

१०. इथवर मी माझ्याबद्दल लिहिले. माझ्याबद्दल एवढे लिहायचीही मला लाज वाटते आहे. कारण मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, मला नोकरी नसली तर मी शिकवण्या करीन, मरणार नाही. ज्या नऊ मुलींबद्दल वर लिहिले त्यांत सरला नावाची एक आहे. तिचे वडील मारुती जगताप हे मिलमध्ये विणाईखात्यात आहेत. सरला सोळा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती तासाला उठून उभी राहिली आणि तिने विचारले, बाई, एका वर्गात एकही मुलगी नसेल, तर त्या वर्गातल्या सगळ्या मुली पास झाल्या असं म्हणणं खरं की खोटं? बाकीच्या हसल्या. मी हसले नाही. मी तिला उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. खरे आहे, असे उत्तर आहे. ते खोटे ठरवायला एक तरी नापास मुलगी दाखवावी लागेल, आणि तिथे कोणीच नाही. सरलाने ते ऐकले आणि म्हणाली, म्हणजे फुकटचं खरं. एवढी समज मला तिच्या वयाला नव्हती. एकोणीस वर्षांत मला अशी एकच मुलगी मिळाली आहे.

महोदय, या नऊजणी बसल्या नाहीत तर आपला कक्ष वार्षिक अहवालात लिहील की सुबोध कन्या शाळेतून गणिताला बसलेल्या सर्व विद्यार्थिनी उत्तीर्ण झाल्या. आणि ते खरे असेल. या विचाराने मला अन्न गोड लागत नाही.

११. सरलाला एक स्थळ आलेले आहे. देवासकडचा माणूस आहे, बिजवर, पस्तिशीचा, दोन मुले आहेत. मी मारुतीला भेटायला गेले होते. मारुती अंगठा उठवतो, सही करत नाही. त्याने मला खाटेवर बसवले आणि शांतपणे सांगितले, "बाई, पोरगी गणित घेऊन परीक्षेला बसली तर मी तिला पुढं शिकवीन. नाही बसली तर आखातीजला तिचे हात पिवळे करीन. माझा शब्द दोन्हीकडून पक्का आहे."

मी घरी येताना मल्हारगंजच्या त्या गल्लीतून चालत होते आणि मला रडू येत होते, पण दुःखाने नव्हे. या माणसाला कळते की बसली तर शिकवीन, एवढे म्हणून भागत नाही. न बसली तर काय, ते वेगळे सांगावे लागते. पहिल्यातून दुसरे आपोआप निघत नाही. म्हणून त्याने दोन्ही सांगितले, आणि दोन्हीला बांधून घेतले. अंगठा उठवणाऱ्या माणसाला जे कळते, ते शिक्के उठवणाऱ्यांना कळू नये, याची मला शिसारी येते. मी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. शब्दाचा पक्का माणूस आहे. नाही बसली तर तो अक्षय्य तृतीयेला खरोखर लग्न लावील.

१२. या बुधवारी, चोवीस तारखेला, मी पुन्हा कक्षात आले. गुरुवारी आपण येणार असे कळले होते, आला नाहीत. काल प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. बुधवारी रघुवीरजींनी मला बाजूला बोलावले. त्यांना माझी दया आली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. ते म्हणाले, "बाई, माझं ऐका. आपण एक राजीनामा देऊन टाका. मग सगळं रेग्युलर होऊन जाईल."

त्यांचे म्हणणे असे की दप्तरात फक्त राजीनाम्याचीच कमतरता आहे. नाव काढले आहे, गठ्ठा बांधला आहे, शेरा मारला आहे. एक कागद मिळाला की मिसल पूर्ण होते आणि बंद होते. जी गोष्ट मी केली नाही, ती केली असे त्यांनी आधी ठरवले, आणि आता ती खरी ठरावी म्हणून मी ती करावी, आणि तेही त्यांच्यावर उपकार म्हणून. त्यांच्या टेबलावर डिंकाची बाटली होती, तीत दोन माश्या मेलेल्या होत्या, आणि ते बोलता बोलता त्यातच ब्रश बुडवून दुसऱ्याच कोणाच्या मिसलीला चिठ्ठी चिकटवत होते. मी उठून बाहेर आले. नळावर जाऊन मी हात धुतले. मी कशालाही हात लावलेला नव्हता, तरी धुतले.

१३. तरीसुद्धा, महोदय, दोन दिवस विचार करून मी रघुवीरजींचा सल्ला मानला आहे. राजीनामा सोबत जोडला आहे. तो चार ओळींचा आहे, त्यात कोणतीही अट नाही, आणि त्यावर आजची, म्हणजे सत्तावीस जानेवारी एकोणीसशे एक्कावन्नची तारीख आहे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, शारदाबाईंची आणि गंगूबाईंची. गंगूबाईंनी तो आधी मला मोठ्याने वाचायला लावला, मग सही केली. एप्रिलातल्या त्या दिवसाबद्दल त्या मला आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

आता पुढील दोनच शक्यता आहेत, तिसरी नाही.

पहिली : आपण हा राजीनामा स्वीकाराल. जी नोकरी हातात नाही तिचा राजीनामा कोणी देऊ शकत नाही आणि कोणी स्वीकारूही शकत नाही. म्हणजे आपण तो स्वीकारला, की मी आज दुपारपर्यंत नोकरीत होते हे आपण मान्य केले. मग वीस जानेवारीला, ज्या दिवशी मी नऊ फॉर्मवर सह्या केल्या, त्या दिवशीही मी नोकरीत होते. सबब सह्या ग्राह्य आहेत.

दुसरी : आपण राजीनामा नाकाराल. मग मी अजून नोकरीत आहे, आणि वीस तारखेलाही होते. सबब सह्या ग्राह्य आहेत.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. आपण काहीही केले तरी त्या मुलींना परीक्षेला बसवणे आपल्याला भाग आहे. यात दोष काढायचा असल्यास लेखी काढावा, मी तो वर्गात फळ्यावर लिहीन आणि खाली आपले नाव घालीन. यातल्या एका वाटेवर माझी नोकरी जाते, हे मला दिसते. एकोणीस वर्षांच्या नोकरीची किंमत देऊन मी एक सिद्धता विकत घेते आहे. मला ती महाग वाटलेली नाही. परीक्षेला सहा आठवडे आहेत, क्षेत्रफळाचे एक प्रकरण राहिले आहे. मी नोकरीत नसले तर मुली छत्रीबागेत माझ्या घरी येतील. आपल्या नियमांत याला मनाई नाही. मी सगळे नियम वाचले आहेत, बहुधा आपल्या कक्षात ते वाचलेली मी एकटीच आहे.

१४. अर्थात आपल्या कक्षाला अशा सिद्धतेने काही वाटेल अशी खात्री मला राहिलेली नाही. पाच अर्जांनी ती खात्री मोडून काढली आहे. म्हणून हा अर्ज मी टपालाने न पाठवता हाती देत आहे. कक्षाबाहेरच्या बाकावर गंगूबाई बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर शिवणाच्या कापडात बांधलेले नऊ फॉर्म आहेत. त्यांनी घरून डबा आणला आहे आणि संध्याकाळपर्यंत त्या उठणार नाहीत असे त्यांनी मला सांगितले आहे. फॉर्म सोमवारच्या टपालात पडले पाहिजेत. शिक्का आपल्या टेबलाच्या डाव्या खणात असतो, तो रघुवीरजींनी मला दाखवला होता.

तेव्हा कृपा करून आधी नऊ शिक्के मारावेत. माझा निर्णय मग सावकाश घ्यावा, त्याची मला घाई नाही.

आपल्या दप्तराप्रमाणे सप्टेंबरपासून आणि माझ्या मते आजपासून माजी,

यशोधरा बाळकृष्ण कोरान्ने
गणित शिक्षिका

इंदूर, शनिवार, दि. २७ जानेवारी १९५१

सोबत :
१. मुख्याध्यापिकेचा दाखला (विड्याच्या डागासह, मूळ).
२. हजेरीपटाची नक्कल. वरील दाखला आणि ही नक्कल यांतील कोणता कागद नको आहे ते कक्षाने ठरवावे.
३. छत्रीबागेत न आलेल्या पुराबाबतचे पत्र.
४. एकाच तारखेची दोन उत्तरे, एकत्र टाचून.
५. राजीनामा, एक पान.
६. परीक्षा-फॉर्म, नग नऊ. हे जोडलेले नाहीत. गंगूबाई ते स्वतःच्या हातातून सोडणार नाहीत.